अर्ध्या नारळाची विळी

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात विळ्या बनवणाऱ्या माणसाचं दुकान इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारातून काढून टाकण्यात आलं. कारण एका ओळीत दिलं होतं: वापरलेला माल नवा म्हणून विकणे. ती ओळ त्यांच्या मुलीच्या फोनवर आली. ते स्वतः त्या वेळी गाळ्यात पाटावर बसून नारळ खवत होते.

आरोप खरा होता. विकायच्या प्रत्येक विळीवर ते आधी अर्धा नारळ खवत.

मी वर्तमानपत्रात कामाला. त्यांचं आणि आमचं दार एकाच मजल्यावर समोरासमोर. त्यांचा गाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांच्या रांगेत. रत्नागिरीकडच्या गावातून ते विशीत इकडे आले. वीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात ताटांना पॉलिश केलं आणि मग स्वतःचं काही करायचं म्हणून विळी निवडली. पाट फणसाच्या लाकडाचा, लाकूड वरसाव्याच्या बाजूच्या वखारीतलं. पातं पोलादाचं. त्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते. हे दाते मशीनवर कापून मिळतात. ते एकेक दाता कानशीने स्वतः घासत. दिवसाला चार विळ्या होत. कधी पाचवी झालीच तर ती बाजूला ठेवून म्हणत, "ही घाईची आहे. उद्या परत बघतो."

नारळाचं कारण त्यांनी एकदा सांगितलं, तेही विचारल्यावर.

"कानस मारली की दात्याच्या मागे बर राहतो. धातूचं कुसळ म्हणा. ते डोळ्याला दिसत नाय, बोटाला लागत नाय, नारळालाच लागतं. अर्धा नारळ खवला की बर जातो, आणि कुठला दाता जास्त खातोय तेपण समजतं. त्याच्याआधी ती विळी नाय. नुसतं लोखंड आहे."

खवून झालं की विळी धुवायची, फडक्याने कोरडी करायची, पात्याला खोबरेल तेलाचा हात द्यायचा आणि खोक्यात भरायची. खवलेला नारळ डब्यातून घरी जाई. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याच्या वड्या करत, आणि धंदा कसा चाललाय हे मजल्यावरच्या चारही घरांना ताटलीवरून कळे. एका वर्षी गणपतीआधी इतक्या वड्या आल्या की शेजारच्या गुजराती बाईंनी हात जोडले. "काकू, अब बस. डॉक्टर मेरे को गाली देगा." कुरियरचा माणूस पार्सलं उचलायला आला की खोक्यांच्या आधी डबा शोधायचा. "चाचा, आज खोपरा नहीं क्या?"

नारळ समुद्राकडच्या डोंगरी गावातल्या एका वाडीतून येत. दर सोमवारी ते स्वतः बसने जात आणि गोणी घेऊन परत येत. तिथल्या नारळवाल्या बाईंना हा माणूस कोण हे बरीच वर्षं कळलं नव्हतं. त्यांनी एकदा विचारलं होतं, "रोज पूजा हाय का काय तुमच्याकडं?"

यांनी "हो" म्हणून सांगितलं होतं.

विळी उभी दिसली की त्यांना बसवत नसे. काम नसेल तेव्हा ती आडवी, पातं जमिनीकडे. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी आधी स्वयंपाकघरात डोकावत आणि उभी विळी दिसली तर काही न बोलता आडवी करून मग पानावर बसत. एका साखरपुड्यात मुलाच्या आईच्या हातून, भाजी अर्धी चिरलेली असताना, त्यांनी विळी आडवी केली होती. ते लग्न पुढे झालं.

या सवयीमुळे बाजाराशी पहिला खटका उडाला. बाजाराचा नियम होता: फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, वस्तू उभी, पूर्ण दिसणारी, बाजूला दुसरं काही नाही. त्यांनी आडव्या विळीचे फोटो काढायला लावले. ते नाकारले गेले. मग वर नारळाची वाटी ठेवून फोटो पाठवले. तेही नाकारले गेले. शेवटी ते शिमग्याला गावी गेले असताना मुलीने विळी उभी करून सहा फोटो काढले आणि चढवले. परत आल्यावर त्यांनी तिच्या फोनवर ते बघितले.

"ही कोणी उभी केली?"

"मी, बाबा."

"आणि फोटो झाल्यावर?"

"आडवी केली."

"मग ठीक आहे."

ही मुलगी त्यांची एकुलती. मीरा रोडला एका ऑफिसात कामाला होती. विळ्या बाजारात विकायला लागल्यावर दोन वर्षांनी तिने नोकरी सोडली आणि ऑर्डरी, पॅकिंग, रिटर्न हे सगळं बघायला लागली. ते तिला 'बाय' म्हणत. ऑर्डर आली की पत्ता मोठ्याने वाचायला सांगत. "कर्वेनगर, पुणे." "बरं." "बेंगळुरू." "तिकडे कोण बसतंय खाली? विचार जरा." विचारता येत नसे. बाजार गिऱ्हाइकाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि पत्ता देई, फोन नंबर देत नसे. याचं त्यांना फार वाईट वाटे. बसणारी बाई उंच आहे की ठेंगणी, पाय दुमडतो की नाही, हे कळल्याशिवाय पाट किती उंचीचा घ्यायचा हे कसं ठरवायचं, असं ते म्हणत. मुलगी सांगे, "बाबा, त्यांनी फोटो बघून घेतलीय. फोटोसारखी द्या."

खाली बसून चिरायची सोडून दुसरी विळी ते करत नसत. ओट्यावर उभं राहून वापरायची विळी लोक मागत, ते म्हणत, "उभ्याने चिरायला सुरी आहे ना." मग काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर काकूंनी महिनाभर नारळ किसणीवर किसला. एकदाही तक्रार केली नाही. एका रविवारी ते गाळ्यातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले, ओट्याच्या कडेला लावलं आणि खालून स्क्रू आवळला. विळी ओट्याला घट्ट बसली. काकूंनी उभ्याने अख्खा नारळ खवला.

"किती दिवस लागले हो हे करायला?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या ओट्याची कडा वाकडी आहे. त्याला वेळ गेला."

पुढे बाजारात सर्वात जास्त खपली ती ही ओट्यावरची विळी.

तक्रारी गेल्या वर्षी उन्हाळ्यात सुरू झाल्या. एकूण तीन आल्या. तिन्हींचा मजकूर जवळपास एकच: दात्यांच्या मुळाशी खोबऱ्याचा धागा अडकलाय, वास येतोय, वस्तू वापरलेली आहे. तिसरी कोल्हापूरहून, फोटोसकट. ती विळी परत आली. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव म्हणून फक्त 'एस' हे अक्षर होतं. ते त्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून 'कोल्हापूरच्या बाई' म्हणायला लागले.

त्यांनी विळी दरवाज्याशी उजेडात नेली. दात्यांवरून बोट फिरवलं.

"कुठाय? दाखव."

"हे काय बाबा, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे."

"नाय."

मुलीने फोटो काढून मोठा करून दाखवला. ते म्हणाले, "फोनमध्ये काय, काहीपण दिसतं." घरी हा विषय निघाला तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. "भातातला खडा दिसत नाही त्यांना चार महिने. आता नारळाचा धागा दिसणारेय?" डोळे तपासायचं नाव काढलं की ते उठून जात. परत आलेली विळी त्यांनी न धुता, वर्तमानपत्रात गुंडाळून गाळ्यातल्या वरच्या फळीवर ठेवली. तो पुरावा आहे, असं ते म्हणत.

आणि मग नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची ती ओळ आली.

दाद मागायला बाजाराने तीन दिवस दिले होते. मुलगी संध्याकाळी आमच्याकडे आली, अर्ज नीट लिहून हवा होता. मजकूर तयार झाला: चाचणी हा बनवण्याचाच भाग आहे, चाचणीनंतर विळी धुतली जाते, आजवर इतक्या लोकांनी समाधान कळवलं आहे. समोर त्यांच्या घरी जाऊन तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. अर्जाच्या शेवटी एक प्रश्न होता, त्यापुढे दोन चौकोन: विक्रीपूर्वी ही वस्तू वापरली गेली होती का? हो. नाही.

"नाही दाबते," मुलगी म्हणाली. "हे टेस्टिंग आहे, वापर नाही."

"नारळ खवलाय का नाय तिच्यावर?"

"बाबा, ते कोणी माणूस वाचत नाही. मशीन वाचतं. हो म्हटलं की संपलं."

"मी काय विचारतो? खवलाय का नाय?"

"खवलाय."

"वड्या कोणी खाल्ल्या?"

मुलीने आमच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्या हातातला फोन घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला आणि विचारलं, "हो कुठला, डावीकडचा ना?" आणि दाबला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. दुकान कायमचं बंद.

त्या वर्षी गणपतीच्या आधी गाळ्यात भरलेली खोकी छातीपर्यंत रचलेली होती. दारात ताटली आली नाही. कुरियरचा माणूस दोनदा रिकाम्या हाताने येऊन गेला आणि मग यायचा थांबला. ते मात्र सोमवारी डोंगरीला जाऊन नारळ आणत राहिले. मुलीने हिशोबाच्या भानगडीत न पडता एकच सांगितलं: गाळ्याचा करार शिमग्यानंतर संपतोय. तोपर्यंत स्वतःची वेबसाइट काढून बघू. चालली नाही तर गाळा मालकाला परत द्यायचा, ती नोकरी बघेल आणि आई-बाबा गावी जातील. गावी जायला ते दर शिमग्याला तयार असत, पण चारच दिवसांसाठी.

वेबसाइट मीरा रोडच्या नया नगरमधल्या एका माणसाने बनवली. तिशी ओलांडलेला, तीन दुकानांच्या साइट एकाच वेळी करणारा, घाईतला. उभ्या विळीचे फोटो काढून टाकून सगळे आडवे टाकायचे, हे त्याने मुकाट्याने केलं. खरेदीच्या बटणाच्या आधी गिऱ्हाइकाचा फोन नंबर घ्यायचा, हेही केलं. मजकुराशी मात्र तो अडला. प्रत्येक विळीखाली, किमतीच्या वर, त्यांना हे हवं होतं:

'ही विळी वापरलेली आहे. हिच्यावर मी अर्धा नारळ खवला आहे. पुढचे तुम्ही खवा.'

"अंकल, ये मत डालो. कस्टमर भाग जाएगा. यूज्ड कौन लिखता है?"

"जो यूज करेगा वो लिखेगा."

"पूरा मार्केट में कोई नहीं लिखता."

"तो मार्केट से तो निकाला ना मेरे को? अब ये मेरा है ना?"

त्याने मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "डाल दो, भाई."

साइट दसऱ्याला सुरू झाली. पहिली ऑर्डर नवव्या दिवशी आली, चिपळूणहून. त्यांनी लगेच नंबर लावला. पलीकडे त्यांचा पुतण्या होता.

"अरे, तुझ्याकडे आहे ना माझी विळी?"

"आहे काका. पण म्हटलं तुमचं नवीन दुकान, तर..."

"धार गेली का?"

"नाही."

"मग कशाला दुसरी? रद्द कर."

ऑर्डर रद्द झाली. मुलगी त्या दिवशी गाळ्यातून दुपारीच घरी निघून आली.

दिवाळीनंतर कोणीतरी विळीखालच्या त्या तीन ओळींचा फोटो काढून फिरवला. तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. त्याखाली हसणारे चेहरे जास्त होते. 'हा धंदा कसा करणार' असं एकाने लिहिलं होतं. त्या आठवड्यात पाच ऑर्डरी आल्या, पुढच्या आठवड्यात चार. पाचही जणांना त्यांनी फोन केले. दोघांनी ओटीपी मागणारा चोर समजून कापले. तिसऱ्या नाशिकच्या एक बाई होत्या. तो फोन स्पीकरवर होता.

"खाली बसता का तुम्ही?"

"कोण बोलतंय?"

"विळीवाला. तुम्ही विळी मागवलीत ना? म्हटलं, गुडघे कसे आहेत?"

"माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला काय करायचंय?"

"पाट करायचाय."

पुढे सतरा मिनिटं बोलणं झालं. त्यात सासूबाईंच्या गुडघ्यांची माहितीही आली. एका विळीची ऑर्डर दोनची झाली.

फोनच्या या सवयीनेच डोळ्यांचं प्रकरण बाहेर काढलं. आता नंबर समोर होते आणि ते मुलीला लावू न देता स्वतः लावत. तीनचा आठ वाचत. एकदा पनवेलच्या एका बँकेतल्या साहेबांना त्यांनी गुडघ्यांबद्दल विचारलं. साहेब 'तुम्ही कोणत्या हॉस्पिटलमधून बोलताय' एवढंच विचारत राहिले. त्याच दिवशी संध्याकाळी त्या साहेबांनाच पुन्हा फोन लागला. काकूंनी फोन त्यांच्या हातातून घेतला, माफी मागितली आणि म्हणाल्या, "उद्या जायचं डोळ्याच्या डॉक्टरकडे. नाहीतर तुमच्या विळीवर मी नारळ खवणार नाही."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्याचं ऑपरेशन थंडीत झालं, डाव्याचं महिन्याने.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर ते गाळ्यात गेले तेव्हा मुलगी आणि शेजारी म्हणून मी, असे दोघं बरोबर होतो. आत गेल्यावर त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं आणि "एवढी काळी आहे होय" असं म्हणाले. मग स्टूल घेऊन वरच्या फळीवरची गुंडाळी काढली. वर्तमानपत्र सोडवलं, विळी दाराशी नेली. उन्हात धरली.

"आहे की," ते म्हणाले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दात्याच्या मधे खोबऱ्याचा धागा होता, सुकून पिवळा झालेला.

ते पाटावर बसले. "तीन आल्या होत्या ना?"

"तीन," मुलगी म्हणाली.

"तीनच लोकांनी सांगितलं. न सांगणारे वेगळे." मग आमच्याकडे वळून, "पेपरवाले, तुमच्याकडे चुकीचं छापलं तर काय करतात?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात."

"कुठे?"

"आतल्या पानावर. खाली."

"मी वर छापीन."

मुलीचा विरोध होता. साइट आत्ता कुठे चालायला लागली आहे, करार संपायला दोन महिने राहिलेत, येणारा माणूस आधी हेच वाचेल, असं तिचं म्हणणं. त्यांचं म्हणणं, त्या बाईंचा नंबर नाही, पत्ता बंद झालेल्या दुकानात अडकलेला, दुसरीकडे कुठे सांगणार. मजकूर त्यांनी सांगितला, मुलीने टाइप केला. आम्हाला फक्त शुद्धलेखन बघायला दिलं. तो असा:

'आमच्या विळीच्या दात्यात खोबरं राहिलं होतं. कोल्हापूरच्या बाईंनी ते कळवलं. मी नाही म्हणालो. त्यांचं बरोबर होतं. मला मोतीबिंदू होता, आता काढला आहे. आणखी दोघांनी कळवलं होतं, त्यांचंही बरोबर होतं. बाईंची विळी माझ्याकडे आहे. त्यांनी सांगितलं तर साफ करून पाठवतो.'

तो साइटच्या पहिल्या पानावर, नावाच्याही वर गेला. नया नगरच्या माणसाने फोन करून विचारलं की साइट कोणी हॅक केली आहे का.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तीनच ऑर्डरी आल्या. मुलीने दोन ठिकाणी नोकरीचे अर्ज केले. तिसऱ्या आठवड्यात सात आल्या. ज्यांना फोन गेले त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी डोळ्यांची चौकशी केली आणि मग आपल्या गुडघ्यांचं सांगितलं. एका अर्जाचं मुलाखतीचं बोलावणं आलं. ती गेली नाही.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापूरहून ऑर्डर आली. ओट्यावरची विळी, एक. नाव 'स'ने सुरू होणारं. त्यांनी नंबर स्वतः लावला, बरोबर लागला. फोन स्पीकरवर नव्हता. बोलणं चार मिनिटं झालं. त्यांनी कागदावर एक आकडा लिहून घेतला आणि कानशीकडे हात नेला.

"बाबा, त्याच का त्या?" मुलीने विचारलं.

"ते नाय विचारलं."

"मग काय विचारलंत एवढं?"

"ओटा किती जाड आहे ते."

ओटा सव्वा इंच होता. विळी गुरुवारी सकाळी कुरियरने गेली. त्या संध्याकाळी समोरच्या दारातून ताटली आली, त्यात सहा वड्या होत्या. ते शिमग्याला चार दिवस गावी जाऊन आले. परत आल्यावर गाळ्याचा करार पुढच्या अकरा महिन्यांसाठी झाला. सह्या त्यांच्या आणि मुलीच्या, दोघांच्या आहेत. साइटवरचा मजकूर पहिल्या पानावर, नावाच्या वर आहे. परत आलेली विळी गाळ्यातल्या वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली आहे, आडवी.